शंभर स्वारांचा हिशेब

१८८१ साली शंकर मोरो रानडे यांचं ‘अतिपीडचरित’ हे नाटक प्रसिद्ध झालं. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चा तो मराठी अवतार. मूळ नाटक राजाच्या नावाने ओळखलं जातं. रानड्यांनी राजाला बाजूला ठेवलं आणि त्याने जे सोसलं, त्याचं नाव नाटकाला दिलं. अति पीडेचं चरित्र. मला हे शीर्षक फार आवडतं, कारण त्यात एक प्रश्न दडलेला आहे. माणसाने खूप सोसलं, तर त्या सोसण्यातून काही हाती लागतं का? काही शहाणपण? की पीडा ही नुसती पीडाच असते?

आपल्या घरांमध्ये याचं उत्तर ठरलेलं असतं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आपण आजीकडून ऐकलेलं असतं. ग्रीक नाटककार एस्किलसने इ. स. पू. ४५८ मध्ये ‘ॲगमेम्नॉन’ नाटकातल्या वृद्धांच्या तोंडी जवळपास हेच घातलं: सोसल्यानेच माणूस शिकतो. म्हणजे अथेन्स आणि आपली आजी, दोघांचं एकमत आहे. ‘लिअर’ मात्र या मताला सुरुंग लावतं. आणि १९७० साली मुंबईत रंगमंचावर आलेलं त्याचं मराठी भावंड, म्हणजे ‘नटसम्राट’, हाच प्रश्न आपल्या घरात आणून ठेवतं.

पॉडकास्टच्या या भागात आम्ही ‘लिअर’वर बोललो, पण तिथे वेळ कमी पडला. शिवाय मी हे बहरीनमधून लिहितेय, आणि आई-वडील, मुलं, घर, मालमत्ता हे विषय आखातात राहणाऱ्या मराठी माणसाला जरा वेगळ्या ठिकाणी टोचतात. म्हणून हा लेख.

वाटणी आणि वजाबाकी

ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. लिअर राजाने ऐंशी ओलांडली आहे. राज्यकारभाराचा कंटाळा आलाय, तीन मुलींमध्ये राज्य वाटून मोकळं व्हायचंय. इथपर्यंत ठीक. पण तो भर दरबारात एक स्पर्धा लावतो: माझ्यावर कुणाचं किती प्रेम आहे ते सांगा, त्याप्रमाणे वाटा मिळेल. गॉनरिल आणि रीगन या थोरल्या दोघी तोंड भरून बोलतात. धाकटी कॉर्डेलिया म्हणते, मुलीचं वडिलांवर जेवढं असावं तेवढं आहे, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. लिअर भडकतो, तिला काही न देता घालवून देतो आणि सगळं राज्य दोघींमध्ये वाटतो. स्वतःकडे ठेवतो ती फक्त ‘राजा’ ही पदवी आणि शंभर स्वारांचा लवाजमा. एक महिना हिच्याकडे, एक महिना तिच्याकडे, असा बेत.

यानंतरचं वादळ सगळ्यांना आठवतं. मला मात्र नाटकाचं मर्म त्याआधीच्या एका प्रवेशात दिसतं, आणि तो प्रवेश चक्क वजाबाकीचा आहे. गॉनरिल म्हणते, शंभर स्वार कशाला, पन्नास ठेवा. लिअर चिडून रीगनकडे जातो. ती म्हणते, पंचवीसच आणा. लिअर लगेच हिशेब मांडतो: पन्नास म्हणजे पंचवीसच्या दुप्पट, म्हणजे गॉनरिलचं प्रेम दुप्पट, मी तिच्याकडे जातो. तेवढ्यात गॉनरिल विचारते, पंचवीस तरी कशाला? दहा? पाच? आणि रीगन शेवटचा आकडा मांडते: एक तरी कशाला?

मुली क्रूर आहेत, यात वाद नाही. पण हे गणित त्यांना शिकवलं कुणी? प्रेम मोजता येतं आणि त्याच्या मापाने जमीन वाटता येते, हा नियम पहिल्या प्रवेशात बापानेच घालून दिला. मुलींनी तोच नियम उलटा फिरवला. पहिल्या अंकात शब्द मोजून राज्य दिलं गेलं, दुसऱ्या अंकात स्वार मोजून माणूस शून्यावर आणला गेला. त्या शून्याला उभं राहून लिअर पहिल्यांदा काहीतरी खरं बोलतो. ‘गरज’ या मापाने माणूस मोजू नका, असं तो म्हणतो. अगदी भिकाऱ्याकडेही गरजेपेक्षा एखादी वस्तू जास्त असते. ती काढून घेतली तर माणूस आणि जनावर यांत फरक काय उरला? मग तो वादळात निघून जातो आणि त्याच्या मागे दार लावून घेतलं जातं.

शेवट बदलण्याचा मोह

इथे थोडा इतिहास बघायला हवा. लिअरची गोष्ट शेक्सपिअरची नाही. बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथने लिहिलेल्या ब्रिटनच्या राजांच्या बखरीत ती आहे, आणि १६०५ मध्ये तिच्यावरचं एक निनावी नाटक लंडनमध्ये छापलंही गेलं होतं. या दोन्हीकडे लिअरला राज्य परत मिळतं. प्रेक्षकांना साधारण माहीत असलेली ही कथा घेऊन शेक्सपिअरने तिचा शेवट मोडला. २६ डिसेंबर १६०६ रोजी राजा पहिला जेम्स याच्यासमोर जे नाटक झालं, त्यात लिअर आणि कॉर्डेलिया भेटतात, एकमेकांना ओळखतात, आणि मग तिला तुरुंगात फाशी दिली जाते. तिचा देह हातांवर घेऊन आलेला म्हातारा तिथेच मरतो.

लोकांना हे सहन झालं नाही. १६८१ मध्ये नेहम टेट या कवीने शेवट पुन्हा बदलला: कॉर्डेलिया जगते, तिचं लग्न होतं, लिअरला राज्य मिळतं. सुमारे दीडशे वर्षं इंग्लंडच्या रंगभूमीवर हाच सुखी लिअर चालला. डॉ. सॅम्युएल जॉन्सनसारखा कडक समीक्षकही १७६५ मध्ये कबूल करतो, की कॉर्डेलियाच्या मृत्यूचा आपल्याला इतका धक्का बसला होता, की संपादनाचं काम अंगावर येईपर्यंत ते शेवटचे प्रवेश परत वाचवले नाहीत. मूळ नाटक त्याच्या विदूषकासह विल्यम मॅक्रीडीने रंगमंचावर परत आणलं, ते १८३८ मध्ये.

आपण याला हसण्याचं कारण नाही. विदर्भातल्या पद्मपूरचा भवभूती आठव्या शतकात ‘उत्तररामचरित’ लिहितो, तेव्हा तोही हेच करतो. रामायणाच्या उत्तरकांडात सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूतीच्या नाटकात राम-सीता पुन्हा भेटतात. करुण रसाचा एवढा मोठा कवी, पण नाटकाचा पडदा त्याला मीलनावर पाडायचा होता. लंडन असो की विदर्भ, माणसाला एक खात्री हवी असते: इतकं सोसलंय, तर त्याच्या बदल्यात काहीतरी मिळायलाच हवं. म्हणजे हाही हिशेबच. दुःख जमा, सुख नावे.

मराठीत आपण या प्रकारच्या नाटकाला ‘शोकांतिका’ म्हणतो. शब्दातच शेवट सांगून टाकलाय. मराठी रंगभूमीवर हा शोकान्त पूर्ण ताकदीने उतरला तो राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि महिन्याभराच्या आत गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात त्याचा पहिला प्रयोग केला. त्यात सिंधू सोसते, सोसते आणि मरते. सुधाकरला स्वतःच्या व्यसनाची पूर्ण जाणीव होते, पण ती त्याला वाचवत नाही. जाणीव आली, उपयोग संपला. मराठी प्रेक्षकाने हा शेवट स्वीकारला आणि नाटक डोक्यावर घेतलं.

वादळात काय कळतं?

मग लिअरला वादळात नेमकं काय कळतं? माळरानावर, पावसात, एका झोपडीच्या दाराशी उभा असताना त्याला राज्यातले उघडे, उपाशी लोक आठवतात. अशा रात्री ते कुठे जात असतील? मी राजा असताना याची काळजी फार कमी केली, असं तो म्हणतो. नाटकातला हा सर्वांत शहाणा क्षण. आणि याच क्षणी त्याच्या हातात देण्यासारखं काहीही उरलेलं नाही. सत्ता होती तेव्हा गरीब दिसले नाहीत. दिसले तेव्हा अंगावरच्या कपड्यांपलीकडे काही नव्हतं. मग तो कपडेच फाडायला लागतो.

म्हणजे सोसण्यातून शहाणपण येत नाही, असं शेक्सपिअर म्हणत नाही. येतं, पण बहुतेक वेळा उशिरा येतं. आणि सगळ्यांना येतंच असंही नाही. गॉनरिल आणि रीगनही शेवटी मरतात. त्यांना कधी काही उमगल्याचं नाटकात दिसत नाही. माणसाची हृदयं अशी दगडासारखी का होतात, याचं कारण निसर्गात कुठे आहे का, असं लिअर वेडाच्या भरात विचारतो. नाटक उत्तर देत नाही.

उत्तर देत नाही, पण एक छोटी गोष्ट दाखवतं. ग्लॉस्टर हा लिअरचा विश्वासू सरदार. रीगनचा नवरा कॉर्नवॉल त्याचे डोळे काढत असतो, तेव्हा त्याचाच एक नोकर तलवार उपसून मालकाला अडवतो. या नोकराला नाव नाही, त्याला काही मिळणार नाही, तो तिथल्या तिथे मारला जातो. पण त्याच्या घावाने कॉर्नवॉलही मरतो. यानंतर १६०८ च्या छापील प्रतीत आणखी दोन नोकर आहेत, जे आंधळ्या ग्लॉस्टरच्या जखमांना मलम लावायचं ठरवतात. १६२३ च्या प्रसिद्ध फोलिओ आवृत्तीत ते संवाद नाहीत. १९६२ मध्ये पीटर ब्रुकने आपल्या गाजलेल्या प्रयोगात ते मुद्दाम काढले, कारण त्याला प्रेक्षकांना दिलासा द्यायचा नव्हता. चारशे वर्षं या दोन नोकरांच्या चार-सहा ओळी आत-बाहेर करतायत. माणूस मुळात कसा आहे, हा मोठा वाद खरं तर एवढ्या छोट्या जागेवर चालू आहे: दुसऱ्याच्या जखमेला, काही देणंघेणं नसताना, कुणी मलम लावतं की नाही?

१९७०, मुंबई

नटवर्य नानासाहेब फाटक यांनी वि. वा. शिरवाडकरांना ‘लिअर’ मराठीत आणा असं सुचवलं होतं. शिरवाडकर, म्हणजे आपले कुसुमाग्रज, यांनी त्याआधी ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिलं होतं, त्यामुळे रूपांतराचा हात होताच. (‘राजा लिअर’ हा सरळ अनुवाद पुढे विंदा करंदीकरांनी केला.) पण या वेळी शिरवाडकरांनी लिअर घेतला नाही, लिअरची जखम घेतली. २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत बिर्ला मातोश्री सभागृहात धी गोवा हिंदू असोसिएशनने ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर. कावेरीच्या भूमिकेत शांता जोग. आणि गणपतराव बेलवलकर, म्हणजे अप्पा, झाले डॉ. श्रीराम लागू. लागूंचं वय तेव्हा त्रेचाळीस. आफ्रिकेत सर्जन म्हणून काम करून परत आलेला आणि वैद्यकी सोडून नुकताच पूर्णवेळ नट झालेला हा माणूस. परदेशातून परतलेल्या एका मराठी डॉक्टरने आपला सर्वांत प्रसिद्ध म्हातारा उभा केला, हे आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

शिरवाडकरांनी काय काय बदललं ते बघा. राज्य गेलं, सैन्य गेलं, युद्ध गेलं. उरला एक निवृत्त नट, त्याची बायको, एक मुलगा आणि एक मुलगी. राजेपण फक्त भाषेत उरलंय: अप्पा बायकोला ‘सरकार’ म्हणतात. ते आपली कमाई मुलांना देऊन टाकतात, पण स्पर्धा लावत नाहीत, प्रेमाचे जाहीर दाखले मागत नाहीत. मोकळ्या हाताने देतात. म्हणजे लिअरची पहिली चूक शिरवाडकरांनी जवळजवळ काढून टाकली. तिसरी मुलगीही काढून टाकली. या घरात कॉर्डेलिया नाही.

आणि मुलं? नंदा आणि नलू राक्षस नाहीत. कुणाचे डोळे काढले जात नाहीत. नात आजोबांची भाषा उचलते म्हणून सून नाराज होते. घरातल्या शिस्तीत म्हाताऱ्याचा मोठा आवाज बसत नाही. पुढे मुलीच्या घरी पैसे सापडत नाहीत आणि संशय बापावर येतो. तो संशय खोटा ठरतो, पण तेव्हा जे तुटायचं ते तुटलेलं असतं. लिअरच्या घरात स्वार मोजले गेले, बेलवलकरांच्या घरात नोटा. सत्तर सालच्या शहरी मध्यमवर्गाला हे नाटक एवढं लागलं, ते यामुळेच. गॉनरिलला बघून कुणी म्हणत नाही की ही मी आहे. नलूला बघून म्हणावंसं वाटतं.

अप्पांना शहाणपण येतं का? ते शेवटपर्यंत आपल्या जुन्या भूमिकांच्या भाषेत बोलतात. कावेरी त्यांच्या आधी जाते. त्यांच्या यातनेतून काही स्वच्छ बोध निघत नाही, आणि शिरवाडकर ओढूनताणून काढतही नाहीत. पण रस्त्यावर त्यांना एक बूटपॉलिशवाला पोरगा भेटतो. तो त्यांना सांभाळतो, खायला देतो, ऐकून घेतो. या पोराकडे अप्पांकडून मिळण्यासारखं काही नाही. वाटणी तर केव्हाच होऊन गेली. त्याचं नाव आहे राजा. लंडनच्या नाटकात राजा रस्त्यावर येतो, मुंबईच्या नाटकात रस्त्यावरच्या पोराचं नावच राजा असतं. ब्रुकने जे मलम लावणारे नोकर काढले, त्यांनाच आठ वर्षांनी मराठीत नाव आणि मोठी भूमिका मिळाली, असं मी म्हणेन.

दोन्ही नाटकं एकत्र ठेवली की मला एक गोष्ट दिसते. सोसणाऱ्याला शहाणपण येईल की नाही, हे नाटकाच्या हातात नाही. शहाणपणाची खरी संधी सोसणाऱ्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला असते. तो नोकर, तो राजा, आणि अंधारात बसलेले आपण. त्यांच्या हातात अजून काहीतरी असतं.

बहरीनमधून बघताना

आता इकडे येऊ. बहरीन आणि मुंबई ही जुनी जोडी आहे. आखातातले मोती विकायला मुंबईत जायचे, १९६५ पर्यंत इथे रुपया चालायचा. बहरीनचे मोठे कवी आणि पद्यनाटककार इब्राहिम अल-अरय्यद यांचा जन्म १९०८ साली मुंबईतच झाला, मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या घरी.

त्या मोत्यांच्या धंद्यात एक उलटा लिअर सापडतो. मोसमाआधी पाणबुड्याला जहाजाच्या नाखव्याकडून उचल मिळायची. मोसम संपला की हिशेब व्हायचा, आणि बहुतेकांच्या अंगावर कर्ज उरायचं. बाप गेला की ते मुलावर यायचं. लिअर मुलींना राज्य देऊन गेला, हे बाप मुलांना कर्ज देऊन गेले. बऱ्याच पाणबुड्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे वहीत काय लिहिलंय हे नाखवाच सांगणार. १९२० च्या दशकातल्या सुधारणांनी प्रत्येक पाणबुड्याची स्वतंत्र वही सुरू केली आणि बापाचं कर्ज मुलावर जाणं बंद केलं.

मला हा इतिहास वाचताना आपली घरं आठवतात. आपल्याकडे कर्ज वहीत नसतं, वाक्यात असतं. “तुमच्यासाठीच तर इथे राबलो.” हे खोटं नसतं, म्हणूनच फेडता येत नाही. आणि मग मुलंही मनात वही उघडतात: किती फोन केले, किती पैसे पाठवले, कुणाच्या वाट्याला दवाखाना आला. भावंडांपैकी जो पुण्यात आहे त्याचे पन्नास, जी टोरांटोला आहे तिचे पंचवीस. लिअरचं गणित पुन्हा सुरू.

आखातात या गणिताला आणखी एक पेच आहे. ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला त्याच्या आठ महिन्यांनी, ऑगस्ट १९७१ मध्ये, बहरीन स्वतंत्र झाला. १९७३ मध्ये तेलाचे भाव वाढले आणि आखातात कामांचा पूर आला. त्या काळात आलेली पिढी आता सत्तरीच्या आसपास आहे. इथे राहण्याची परवानगी बहुतेकांच्या बाबतीत नोकरीला बांधलेली असते. २०२२ मध्ये गोल्डन रेसिडेन्सी सुरू झाली, पण तिच्या अटी सगळ्यांना झेपणाऱ्या नाहीत. म्हणून नोकरी संपली की आई-वडील परत जातात. ठाण्यात, नाशिकला, कोल्हापुरात घेऊन ठेवलेल्या फ्लॅटमध्ये. मुलं मनामात वाढलेली, पण कॉलेजपासून तिसऱ्याच देशात. अप्पांना मुलांच्या घरातून बाहेर पडावं लागलं. इथे आई-वडील स्वतःच्याच घरात असतात, आणि घरात मुलं नसतात. कुणी कुणाला हाकललेलं नाही. खलनायक नाही, त्यामुळे नाटकही होत नाही. पण संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि दोन माणसं व्हिडिओ कॉलची वाट बघत असतात.

बहरीनच्या मातीत म्हातारपणाची एक फार जुनी गोष्टही आहे. ती नाटक नाही, पण सोसणं आणि शहाणपण यांच्याबद्दलच आहे. गिल्गमेश राजा, मित्राच्या मृत्यूने हादरलेला, अमर झालेल्या माणसाला शोधत निघतो. प्रलयातून वाचलेल्या त्या माणसाला देवांनी दिल्मुनमध्ये वसवलं, असं सुमेरी काव्य सांगतं, आणि दिल्मुन म्हणजे मुख्यतः आजचं बहरीन. गिल्गमेश पायांना दगड बांधून पाण्याच्या तळाशी जातो, अगदी इथल्या मोत्यांच्या पाणबुड्यांसारखा, आणि तारुण्य परत देणारी वनस्पती वर आणतो. वाटेत साप ती खातो आणि कात टाकून निघून जातो. काल्अत अल-बहरीनच्या उत्खननात डॅनिश पुरातत्त्वज्ञांना वाडग्यांमध्ये पुरलेले साप सापडले, काहींसोबत मोतीही. जेफ्री बिबी यांनी त्यांचा संबंध या कथेशी जोडला.

गिल्गमेश रिकाम्या हाताने घरी जातो. पण घरी जातो, आणि नावाड्याला आपल्या शहराची तटबंदी दाखवतो. त्याला कळलेलं असतं की कुणीच कायम तरुण राहत नाही, आणि हे कळल्यावरही जगायला काही वर्षं शिल्लक असतात. लिअरला ती मिळत नाहीत.

कायदा काय म्हणतो

लिअर आणि अप्पांच्या प्रश्नावर भारताच्या संसदेनेही एक उत्तर लिहिलेलं आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठीचा २००७ चा कायदा. तो भारताबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, हे त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय. म्हणजे मनामात बसून आपण त्याच्या बाहेर नाही. चरितार्थासाठी मुलांकडून महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंतची रक्कम मिळवून देण्याची सोय त्यात आहे. आणि कलम २३ तर जणू लिअरसाठीच लिहिलंय: साठी ओलांडलेल्या व्यक्तीने देखभालीच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने देखभाल नाकारली, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं.

अडचण त्या ‘अटी’त आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल, नुसती प्रेमाने दिली म्हणून पुरणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला आणि आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द केलं. पण अप्पांसारखा बाप अट घालतो का? मोकळ्या हाताने देणाऱ्या माणसाला कागदावर “मला सांभाळशील ना?” असं लिहायची लाज वाटते. लिअरने जे बोलायला नको होतं ते दरबारात विचारलं. आपले आई-वडील जे लिहून ठेवायला हवं तेही विचारत नाहीत.

कायदा हिशेब परत आणतो, आणि आणायलाच हवा. जिथे माया संपते तिथे म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर छप्पर टिकवायला वहीच लागते, पाणबुड्यांना लागली तशी. पण वहीने छप्पर टिकतं, पुढचं काम तिचं नाही. ‘लिअर’मध्ये बाप आणि धाकटी मुलगी पुन्हा भेटतात, तेव्हा तो म्हणतो की माझा राग धरायला तुझ्याकडे कारण आहे. ती म्हणते, काहीच कारण नाही. हे सरळसरळ खरं नाही. कारण होतं, सगळ्यांसमोर घडलेलं होतं. पण ती वही मिटते. माझ्या मते सबंध नाटकातलं सगळ्यात मोठं शहाणपण इथे आहे, आणि ते जिने सोसलं तिच्याकडून, ज्याने सोसायला लावलं त्याला मिळतं. शेक्सपिअर त्यांना त्यानंतर फारच थोडा वेळ देतो.

तुमच्याकडे बहुधा जास्त वेळ आहे. तेव्हा दोन कामं वेगवेगळी करा, एकात एक मिसळू नका. कागदाचं काम कागदासारखं करा: फ्लॅट कुणाच्या नावावर आहे, पॉवर ऑफ ॲटर्नी कुणाकडे आहे, बक्षीसपत्र करायचं असेल तर त्यात देखभालीची अट स्पष्ट लिहिली आहे का, हे आई-बाबांना संकोच वाटला तरी तुम्हीच विचारा. त्यात त्यांचं संरक्षण आहे. आणि मग फोन लावाल तेव्हा या महिन्यातला कितवा, हे मोजू नका. लागूंच्या ‘नटसम्राट’बद्दल विचारा. त्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी तो प्रयोग पाहिलेला किंवा ऐकलेला असतो, आणि कुठे, कुणाबरोबर, तिकीट कसं मिळालं होतं, हे सांगायला त्यांना भरपूर वेळ लागतो.